ताटलीतली भाकर

आमच्या सरांना 'मला वाटतं' या दोन शब्दांचं भारी वावडं. कुणी बोलता बोलता ते उच्चारले की सर हातातलं काम थांबवत, चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि म्हणत, "वाटते ते ठेव बाजूले. दिसलं काय, ते सांग." विद्यार्थ्यांना म्हणत ते ठीक, पण ते प्राचार्यांनाही म्हणत, घरी आलेल्या पाहुण्यांनाही म्हणत. एकदा अकोल्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "अकोटची गाडी आता लागन, असं वाटते." सरांनी त्यालाही तेच ऐकवलं. तो बिचारा सकाळपासून वैतागलेला. म्हणाला, "मले तं सकाळपासून निस्ते माणसंच दिसून राहिले, साहेब. गाडी एकबी नाई दिसली." सर इतके खूश झाले की मागे वळून मला म्हणाले, "पाह्य बेटा, उत्तर असं पायजे."

मी त्यांच्याकडे अकोल्याला साडेतीन वर्षं होते. पद संशोधन सहायक, काम सर सांगतील ते. सर झाडांच्या रोगांचे प्राध्यापक, निवृत्तीला टेकलेले, मूळचे अचलपूरचे. वडील तिथे घड्याळं दुरुस्त करायचे. वडिलांचं डोळ्याला लावायचं काळं भिंग सरांच्या खिशात कायम असे. पान हातात आलं की चष्मा कपाळावर सरकवून ते भिंग डोळ्याच्या खोबणीत बसवत. ते हाताने न धरता तिथेच राही. एका डोळ्याने सर पान बघत आणि दुसऱ्याने आमच्यावर लक्ष ठेवत. मनगटावर मात्र घड्याळ नाही. घड्याळजीचा मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारत फिरे. "अब्बा म्हणत, उघडून पाह्यल्याबिगर घड्याळाले बिघडलं म्हणू नाई. म्या बापाचं तेवढंच ऐकलं," असं ते सांगत, जणू बाकी काही न ऐकल्याचा त्यांना अभिमानच होता.

त्यांची वही म्हणजे एक प्रकरण होतं. उजव्या पानावर 'दिसले', डाव्या पानावर 'वाटले'. उजवं पान खच्चून भरलेलं, डावं बहुतेक कोरं. आणि उजव्या पानावर दर पाच-सात ओळींनंतर एक वाक्य यायचंच: 'समजले नाही.' मी नवीन होते तेव्हा मला त्याची लाज वाटायची. बाहेरून कुणी मोठे शास्त्रज्ञ आले आणि सरांनी कौतुकाने वही पुढे केली, की मी पाणी आणायच्या निमित्ताने सटकायचे. एवढा मोठा माणूस, आणि वहीत काय, तर समजले नाही, समजले नाही, आजही समजले नाही. हीच वही मी एक दिवस छातीशी धरून बसणार आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

चाची, म्हणजे सरांच्या बायको, या वहीला पुरून उरल्या होत्या. सर जेवताना म्हणाले, "आज मीठ कमी वाटते," की आतून आवाज यायचा, "वाटते का दिसते?" आम्ही विद्यार्थी घास तोंडात धरून हसू दाबायचो आणि सर मुकाट्याने मीठ वाढून घ्यायचे.

जेवायच्या ताटल्याही सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच घडलं. सरांच्या घरी तामचिनीच्या पांढऱ्या ताटल्या होत्या, निळ्या काठाच्या. त्यातल्या सहा ताटल्या सरांनी फार पूर्वी प्रयोगशाळेत आणून ठेवल्या होत्या. चाचींना विचारून आणल्या की न विचारता, हे डाव्या पानावरचं आहे. त्या ताटल्यांचा नियम होता: रोगट पान कागदावर ठेवायचं नाही, ताटलीतच ठेवायचं, आणि नंतर ताटली उकळत्या पाण्याने धुवायची. सरांची हयात बुरशीच्या रोगांत गेलेली, आणि बुरशी कागदाला धरते. पुढे त्यांचं काम बदललं, रोगही बदलला, पण नियम तसाच राहिला. आमच्या काळी सर संत्र्याच्या पिवळ्या पानांवर काम करत होते, त्या रोगाचा कागदाशी काही संबंध नव्हता. मी एकदा तसं म्हटलं. सर म्हणाले, "बरोबर हाये तुहं. पण ताटलीतच ठेव." मग मीही ठेवत गेले.

संत्र्याचं पान पिवळं पडतं ते मुख्यतः दोन कारणांनी. एक तर झाडाला असाध्य रोग झालेला असतो. मग ते मुळासकट काढावं लागतं, नाहीतर शेजारची झाडं जातात. किंवा झाडाला जमिनीतून जस्त मिळत नसतं. मग एखाद-दोन फवारे मारले की ते पुन्हा हिरवं होतं. सरांनी याला दोन सोपी नावं दिली होती. पहिलं झाड बिमार, दुसरं उपाशी. "उपाशी पान दोन्ही अंगानं सारखं पिवळं पडते. बिमार पानाच्या या अंगाचं त्या अंगाशी जमत नाई," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि लगेच पुढे जोडलं, "पण बिमार झाड उपाशीबी असते. म्हणून पान पाहून बोलू नाई, तपासून बोलावं." आमच्याकडे प्रत्येक पानाचा फोटो निघे, मग ते तपासणीला जाई. तोवर ज्या पानाचा संशय, ते ताटलीत. बाकीची पानं जुन्या पेपरावर. सरांची नजर अशी की ताटलीतलं पान बहुधा बिमारच निघे. चुकून उपाशी निघालंच, तर सर त्याचा फोटो पेपरावर पुन्हा काढायला लावत. शेवटच्या साडेतीन वर्षांतले जवळजवळ सगळे फोटो माझ्या हातचे होते.

माझं घर मोर्शीकडचं, आमचाही थोडा संत्रा आहे. माझा करार त्या वर्षी संपत होता. वाढायची आशा नव्हती. घरी आई रोज फोनवर एका स्थळाचं नाव घेत होती आणि मी रोज विषय बदलत होते. तेवढ्यात अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात हॅकेथॉनची जाहिरात वाचली. दोन दिवसांत, कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून, विज्ञानातला एखादा खरा प्रश्न सोडवून दाखवायचा. प्रत्येक चमूत एक विज्ञानाचा माणूस आणि दोन संगणकाचे. जिंकणाऱ्या चमूतल्या विज्ञानवाल्याला बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत वर्षभर काम. ती ओळ वाचल्यावर मला पुढचं काही दिसेनासं झालं.

मी सरांकडे फोटो मागितले. ते म्हणाले, "घे ना. तूच तं काढले." बरोबर यायला मात्र तयार नव्हते. "दोन दिवसांत कोणता प्रश्न सुटते? मले तेरा वर्षं झाले, माहा सुटला नाई." शेवटी चाचींनीच त्यांना बाहेर काढलं. म्हणाल्या, "जा. दोन दिवस घर शांत राहीन." आणि डब्याबरोबर घरातली एक तामचिनीची ताटलीही पिशवीत घातली, कारण सरांना कागदी द्रोणात जेवण जात नाही.

माझ्या चमूत प्रज्वल आणि सानिया होते, दोघंही त्याच कॉलेजचे, शेवटच्या वर्षाला. प्रज्वल बडनेऱ्याचा, दिवसाला दहा चहा पिणारा आणि फार हुशार. सानिया कमी बोलायची आणि त्याच्या चुका काढायची. आजूबाजूला एक चमू मेळघाटातल्या पाखरांचे आवाज ओळखत होता, एक खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी. सरांना 'मार्गदर्शक' असं लिहिलेली पट्टी गळ्यात घालायला दिली होती. ती उलटी फिरवून सर प्रत्येक टेबलापाशी जाऊन उभे राहत आणि विचारत, "हे मशीनले दिसलं का वाटलं?" पाखरांच्या चमूतली मुलगी रडायच्या बेतात आली तेव्हा मी त्यांना परत आमच्या टेबलाशी आणून बसवलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रज्वलने आमचे सगळे फोटो मशीनला शिकवले. काही फोटो परीक्षेसाठी बाजूला ठेवले होते, ते दाखवले. मशीन धडाधड सांगायला लागलं. रोगट पान आलं की पडद्यावर लाल अक्षरात 'बिमार', दुसरं आलं की हिरव्या अक्षरात 'उपाशी'. शंभरातलं एखादंच चुकत होतं. आमच्याभोवती गर्दी जमली. प्रज्वल म्हणाला, "मॅडम, तुमी बॅग भरा बंगळूरची!" मी हसले, पण त्या दिवशी झोपताना मनातल्या मनात मी बॅग भरलीही होती. कोणते कपडे न्यायचे, हेसुद्धा ठरवलं होतं.

सर मात्र गर्दीत आले नाहीत, लांब बसून भिंग पुसत राहिले. तेरा वर्षांत जे जमलं नाही ते एका दिवसात जमलं म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल, असं मला वाटलं. हो, वाटलंच. तो माझा त्यांच्याबद्दलचा सगळ्यात कोता विचार होता आणि तो इथे लिहून ठेवलेला बरा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता सादरीकरण. दुपारी प्रज्वलने टेबलावर एका स्टँडला फोन अडकवला, खाली पान ठेवलं की लगेच उत्तर यावं म्हणून. सर बाजूलाच डबा उघडून बसले होते. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. अर्धी भाकर झाल्यावर त्यांनी विचारलं, "हिच्याखाली कायबी ठेवलं तं सांगते का हे?"

"हो सर. ठेवा ना कोणतंबी पान," प्रज्वल म्हणाला.

सरांनी ताटली उचलली आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीसकट फोनच्या खाली सरकवली. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'बिमार'.

आम्ही तिघं खो खो हसलो. सरही हसले. मग त्यांनी भाकर उचलून शेजारी पडलेल्या पेपरावर ठेवली आणि पेपर फोनखाली ओढला. हिरवी अक्षरं: 'उपाशी'. परत ताटलीत, 'बिमार'. परत पेपरावर, 'उपाशी'. सर लहान मुलासारखे भाकर इकडून तिकडे करत होते. प्रज्वल अजून हसतच होता. सानिया हसायची थांबली होती, आणि मीही.

मशीनने पान कधी बघितलंच नव्हतं. निळ्या काठाची पांढरी ताटली दिसली की बिमार, पेपरची अक्षरं दिसली की उपाशी. एवढंच ते शिकलं होतं. आणि ते त्याला मी शिकवलं होतं, साडेतीन वर्षं, एकेक पान नीट मधोमध ठेवून.

प्रज्वलला कळल्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पण मॅडम, परीक्षक थोडीच भाकर ठेवणार हायेत? ते आपलेच फोटो पाह्यतीन. आज दाखवून देऊ, नंतर दुरुस्त करू." खरं सांगायचं तर मी हे ऐकायलाच टपले होते. मी सरांना म्हणाले, "सर, माझं सगळं यावर आहे. पुढच्या महिन्यात माझ्याकडे काही नसेल."

मला वाटलं सर भडकतील. ते भडकले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी ताटली पुसली, भाकर डब्यात टाकली आणि म्हणाले, "कागदावर नाव तुहं हाये बेटा. तूच ठरव. मी नमाज पढून येतो." आणि गेले.

मी पंधरा-वीस मिनिटं तशीच बसले असेन. तेवढ्यात एक शेतकरी टेबलाशी आला. आयोजकांनी आसपासचे काही बागायतदार प्रेक्षक म्हणून बोलावले होते, त्यांतला. अंगात पांढरा शर्ट, खिशात मोबाइलच्या मागे खोचलेलं संत्र्याचं पान. म्हणाला, "मॅडम, कालपासून तुमच्या मशीनचं नाव होऊन राहिलं. हे एवढं पाह्यता का? आठ झाडं पिवळी पडली. बिमार निघाली तं उद्याच जेसीबी लावतो."

मी पान घेतलं. ताटली समोर होती, पेपर समोर होता. मी ते दोन्हीवर ठेवून बघितलं आणि जे यायचं तेच आलं. तो माणूस पडद्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याने विचारलं, "मंग? तोडू का ठेवू?"

"तोडू नका. मशीनला काही समजत नाही. मलाही आत्ता समजत नाही. पान तपासायला पाठवू," मी म्हणाले. बोलल्यावर लक्षात आलं की हे वाक्य मी साडेतीन वर्षं वहीत वाचत होते.

चार वाजता मी व्यासपीठावर गेले. प्रज्वल आणि सानियाला मी आधी सांगितलं होतं. सानियाने फक्त मान हलवली. प्रज्वल आणखी एक चहा पिऊन आला आणि म्हणाला, "चला मंग, भाकर कुठं हाये?" त्याचेही उपकार मी विसरलेले नाही. मी सगळ्यांसमोर तेच शेतकऱ्याचं पान ताटलीत ठेवलं, मग पेपरावर ठेवलं. मग भाकर. सभागृह हसलं. एका परीक्षकांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "फोटो असे काढायचे हे कुणाचं डोकं? ही जबाबदारी कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. "फोटो मी काढले."

शेवटच्या रांगेतून आवाज आला, "फोटो हिनं काढले. नियम माहा व्हता."

सर उभे होते. गळ्यातली पट्टी अजून उलटीच. ते पुढे आले नाहीत, माइकही घेतला नाही. तिथूनच बोलले. "चूक माही हाये, ते लिहून घ्या. अन् आणखी एक सांगतो. तीस वर्षं झाले. अकोटजवळ एका माणसाची बाग पिवळी पडली. त्यानं मले बोलावलं. मी नवा साहेब, डोळ्याले भिंग. दोन पानं पाह्यली अन् म्हटलं, बिमार हाये, तोडून टाक. त्यानं इचारलं, साहेब, पक्कं का? मी म्हटलं, पक्कं. त्यानं चाळीस झाडं तोडली. पानं तपासणीले पाठवली व्हती, त्याचा कागद मंग आला. उपाशी व्हती. मले वाटलं व्हतं. दिसलं नव्हतं. ह्या मशीननं तेच केलं जे म्या केलं. पण ह्या पोरीनं झाड तुटायच्या आधी सांगतलं. मले जमलं नाई ते हिले जमलं."

आणि ते खाली बसले. साडेतीन वर्षांत त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. चाचींना माहीत होती, पण ते मला नंतर कळलं. मी व्यासपीठावर उभी राहून रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. शोधनिबंधांचा आपोआप सारांश काढणाऱ्या चमूला मिळालं, आणि त्यांचं काम चांगलंच होतं. आमच्यासाठी टाळ्या वाजल्या, पण टाळ्यांनी बंगळूरला जाता येत नाही. अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीची वाट बघताना मी सरांपासून लांबच्या बाकावर बसले. मनात राग होता, कुणावर तेही नीट कळत नव्हतं. सर दोन कप चहा घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसून म्हणाले, "पानं पुन्हा काढा लागतीन."

"सर, माझा करार संपतो आहे."

"करार कालेजचा हाये. पानं झाडाची हायेत," सर म्हणाले आणि चहा प्यायला लागले. मी माझा कप उचलला. 

पुढचं वर्ष मी अमरावतीच्या एका कॉलेजात तासांवर शिकवलं आणि उरलेले सगळे दिवस सरांबरोबर एसटीने फिरले. मोर्शी, अचलपूर, अकोट, आणखी कुठे कुठे. सर तोवर निवृत्त झाले होते. पिशवीत ताटली, पेपर, एक जुना टॉवेल, एक शाळेची पाटी. प्रत्येक पान सर चारही गोष्टींवर ठेवायला लावायचे. मग जमिनीवर, मग माझ्या तळहातावर. "मशीनले समजू दे, जागा बदलली म्हणून पान बदलत नाई." झाडाचं पान तोडण्याआधी ते झाडाला हळूच म्हणायचे, "माफ करजो," आणि मग मालकाला विचारायचे. हा क्रम उलटा असावा, असं मी एकदा सुचवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तसंच चालू ठेवलं. चाची डबा माझ्यासाठीही द्यायच्या. आईने स्थळाचं नाव घेणं कधी बंद केलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

प्रज्वल आणि सानिया रविवारी यायचे. नवीन फोटोंवर मशीन पुन्हा शिकलं आणि या वेळी बरंच चुकायला लागलं. प्रज्वल हिरमुसला. सर मात्र इतके आनंदात की त्यांनी त्याला मिठी मारली. म्हणाले, "आता पान पाहून राहिलं हे! आता चुकू दे." मग त्यांनी एकच मागणी केली. मशीनला दोनच उत्तरं येत होती, त्यांना तिसरं हवं होतं. जिथे खात्री नाही तिथे त्याने सरळ 'समजले नाही' म्हणावं. प्रज्वल म्हणाला, लोकांना असं यंत्र आवडणार नाही. सानिया म्हणाली, "मी करते." आणि तिने केलं.

वर्षाच्या शेवटी एके सकाळी सर म्हणाले, "आज अकोटले जाऊ. एक बाग राहिली." कोणती, ते मी विचारलं नाही.

बाग स्टँडपासून बरीच आत होती. मालक काका सत्तरीच्या पुढचे, पांढरं धोतर, हातात काठी. सरांना बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. सर दर मोसमात तिथे येत होते, तीस वर्षं. एकही खंड नाही. येऊन झाडं बघत, चहा घेत आणि जात. तोडलेल्या झाडांच्या जागी लावलेली झाडं आता डेरेदार झाली होती. त्यांतल्या एकाची एक फांदी पिवळी होती.

काकांनी स्वतःच पान तोडून आणलं. म्हणाले, "या पोरीपाशी मशीन हाये म्हणे. दाखवा याले. सांगू द्या, तोडू का ठेवू?" ते हसत बोलत होते, पण सर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून ताटली काढली. ती त्यांनी माझ्यापुढे धरली, पान मी ठेवलं. फोन धरला. मशीनने जरा वेळ घेतला. मग पडद्यावर साधी काळी अक्षरं आली: 'समजले नाही. तपासून सांगतो.'

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण काकांना चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं.

सरांनी भिंग डोळ्याला लावलं, पान उलटसुलट बघितलं, बराच वेळ. मग भिंग काढलं आणि काकांकडे बघून म्हणाले, "भाऊ, मलेबी नाई समजत. तपासून सांगतो. तवर तोडू नका."

काकांनी काठी झाडाला टेकवली. मग त्यांनी दोन्ही हातांनी सरांचा हात धरला. "इतकंच म्हणा लागत व्हतं, साहेब," ते म्हणाले. "इतकंच. चाला, चहा ठेवला हाये."

त्या पानाचा कागद दोन आठवड्यांनी आला. झाड उपाशी होतं. सरांनी मला फोन करून ते सांगितलं, मग वही माझ्याकडे पाठवून दिली, सगळ्याच्या सगळ्या वह्या, एका पोत्यात, एसटीच्या पार्सलने. मी आता त्याच कामावर आहे, अमरावतीला. बागायतदार पानं घेऊन येतात आणि नवीन मुलं नवीन मशीन घेऊन येतात. कुणी कितीही हुशार मशीन आणलं तरी मी आधी डबा उघडते आणि भाकर ताटलीत ठेवते. सरांच्या शेवटच्या वहीत अकोटच्या त्या दिवसाची नोंद आहे. उजव्या पानावर लिहिलंय, 'पान एक. फांदी पिवळी. समजले नाही.' आणि डावं पान, जे एवढी वर्षं बहुतेक कोरंच राहिलं, त्यावर एकच ओळ: 'हलके वाटले.'